धुतलेला फरवा

ही गोष्ट खरी आहे. शपथ वगैरे मी घेणार नाही. शपथ घ्यायलाही अंगात त्राण लागतं आणि ते आता माझ्यात फारसं उरलेलं नाही. ज्यांना पटेल त्यांनी वाचा, बाकीच्यांनी खुशाल पुढे जा.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी अमावास्येच्या, मध्यरात्रीच्या असतात. माझी तशी नाही.

शुक्रवार होता. जानेवारी महिना. सौदी अरेबियात नैरिया गाव सोडलं की पुढे नजर पोचेल तिथवर मोकळा माळ आहे, तिथे. दुपारच्या असरच्या नमाजानंतर, चांगल्या लख्ख उन्हात.

आमच्यामागे जे काही लागलं, ते तिथूनच लागलं.

मी वीणा. माझे मिस्टर चंद्रशेखर जुबैलला एका पेट्रोकेमिकल कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर होते आणि मी तिथल्या इंडियन शाळेत गणित शिकवायचे. आठवडाभर घसा बसेपर्यंत बोलायचं. शुक्रवारी आमची सगळी गल्ली दुपारपर्यंत झोपलेली असायची. आम्ही नाही. आम्ही कुत्रं पळवायला जायचो.

हे मूळचे लातूरकडचे. यांच्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, कारवानी कुत्री होती. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेली. तेव्हापासूनचं हे वेड. सौदीत येऊन माणसं सोनं घेतात, पुण्यात फ्लॅट घेतात. आम्ही शिकारी कुत्री घेतली.

घेतली म्हणजे मिळाली. यांच्याच प्लांटमधून रिटायर झालेले अबू नासिर नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे सलुकी जातीची कुत्री होती. त्यांनी एक पिल्लू यांना दिलं. नाव रीम. रंग दुधाच्या चहाचा, कानांवर लांब केस आणि चेहऱ्यावर कायम बिचारे भाव. बिचारी कसली! सोफा माझा, झोप तिची.

कुरकुर करायचे मी, पण माझाही जीव होता तिच्यावर.

तो माळ कुणा एकाचा नाही. तिथे तंबू ठोकून राहणारे येतात, ससाणे उडवणारे येतात, कुत्री तयार करणारे येतात. आमची शिकार नव्हती, नुसता सराव. पिकअपच्या मागे लांब दोरी, तिच्या टोकाला मेंढीच्या कातड्याचं बोचकं आणि त्याच्यामागे कुत्रं. जागा सगळ्यांची म्हणून नियमही सगळ्यांचे. एकाने हात वर केला की बाकीचे आपापली कुत्री पट्ट्याला धरून थांबायचे. त्याचं कुत्रं परत गाडीत चढलं की मग दुसऱ्याचा हात वर. कुणी दुसऱ्याच्या कुत्र्याला हाक मारायची नाही. एवढी वर्षं गेलो, पण तिथे भांडण झालेलं मी बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या नजरेत आली होती.

माळाच्या मधोमध एक काटेरी झाड होतं. आपल्या बाभळीसारखं. तिकडे त्याला तल्ह म्हणतात. सगळ्या गाड्यांच्या चाकोऱ्या त्या झाडाच्या अलीकडे... वळायच्या. लांबून वळसा घालून पुढे जायच्या.

मला वाटलं, काट्यांमुळे असेल.

त्या शुक्रवारी वारा होता. अबू नासिर पिकअप चालवत होते. त्यांचा म्हातारा कुत्रा बर्क मागच्या हौद्यात बसला होता. हे रीमला धरून उभे होते. मी आमच्या गाडीत, मांडीवर युनिट टेस्टचे पेपर, शेजारी चहाचा थर्मास. डोळे मिटत होते माझे.

यांनी हात वर केला. पलीकडे दम्मामहून आलेली मंडळी होती, त्यांनी आपली कुत्री धरली. बोचकं निघालं. रीम सुटली.

पण ती सरळ पळत नव्हती.

थोडी तिरकी... एका अंगाला सरकून. शेजारून आणखी कुणी पळत असलं की कुत्रं त्याला जागा देतं ना, तशी. मी काच खाली केली. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

मग ती थांबली.

मान वळवली. कान टवकारले. आणि बोचकं सोडून झाडाच्या दिशेने चालायला लागली. पळत नव्हती, चालत होती... शेपूट हलवत. ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

"रीम! रीम! तआल!" हे ओरडत पळाले. 'ये' म्हणायला ती अरबी हाकच तिला शिकवलेली.

ती झाडाअलीकडच्या एका उंचवट्यापलीकडे गेली. आम्ही पोचलो तेव्हा पलीकडे नुसता दगडगोट्यांचा माळ. पायांचे ठसे झाडापर्यंत होते. पुढे काही नाही.

सगळ्यांनी आपापला सराव थांबवला. दम्मामची मंडळी गाड्या घेऊन चारी दिशांना गेली. एक ससाणेवाला गाडीच्या टपावर दुर्बीण घेऊन उभा राहिला. मगरिबची वेळ झाली, दिवस बुडाला. रीम नाही.

हे खाली बसले होते. हातात नुसता पट्टा. अबू नासिर जवळ आले. प्लांटमध्ये आपल्या लोकांबरोबर राहून त्यांना मोडकं हिंदी येत होतं. यांना ते मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनियर.

"मुहंदिस, अपना फरवा निकालो."

फरवा म्हणजे तिकडचा थंडीतला जाड झगा. आतून लोकर, खांद्यापासून घोट्यापर्यंत. यांनी काढून दिला. अबू नासिरनी तो जमिनीवर नीट पसरला, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं.

"कुत्ता आदमी का बास पहचानता है. रात में आएगा, फरवा पे सोएगा. अभी यल्ला, सब घर जाओ. गाड़ी, लाइट, आवाज, कुछ नहीं. सुबह आना."

त्याच रात्री अबू नासिर घरच्यांना घेऊन उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघणार होते. पुढचा आठवडा ते नसणार होते. जाताना मला म्हणाले, "मदाम, आएगा वो. पक्का आएगा."

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं पोचलो.

यांचा फरवा तसाच होता. पाणी तसंच होतं. रीम नव्हती.

हे हाका मारत झाडाकडे गेले आणि तिथून मला बोलावलं. झाडाच्या बुंध्याशी वाळूत अर्धा गाडलेला आणखी एक फरवा होता. जुना, तपकिरी, काठ विरलेले.

"काल रीमला शोधताना कुणीतरी विसरलं असणार, रात्री वाऱ्याने वाळू चढली," हे म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी विचारून देऊ ज्याचा त्याला. पण दुसऱ्याची वस्तू अशी मळकी द्यायची का? धुऊन देऊ."

"आणि धुणार कोण?"

"मशीन आहे की."

"मशीनमध्ये घालणार कोण?"

हे हसले. रीम गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग मीच त्याची वाळू झटकली. शेजारणीचा डबासुद्धा आपण घासून-पुसून, वर काहीतरी घालून परत करतो. तशीच सवय. फरवा गाडीत टाकला.

मशीनमध्ये तो मावला नाही. मी बाथटबमध्ये भिजवला. त्याला वास होता... लाकडाच्या धुराचा, तंबाखूचा, घामाचा. आणि कुत्र्याचा. पाणी पुन्हा पुन्हा लालसर निघत होतं. लोकरीतून लांब पांढरे केस निघाले. कंबर धरली माझी. शेवटी पाणी स्वच्छ आलं, मग वर सुगंधी लिक्विड घातलं. मागच्या हौशमध्ये, म्हणजे उंच भिंतीच्या फरसबंद अंगणात, दोरीवर टाकला. वास पूर्ण गेला होता.

बरं वाटलं मला. एवढं एक काम तरी धड झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन चहा घेत बसले होते. ऊन भिंतीवर चढलं होतं. हौशमधून आवाज आला.

टक... टक... टक...

फरशीवर कुत्र्याच्या नखांचा आवाज! रीम! आपली आपण घरी आली! चहा सांडला माझ्या हातून. धावत जाऊन दार उघडलं.

हौश रिकामा.

बाहेरचं फाटक बंद, कडी लावलेली.

मी दार लावलं. पुन्हा... टक, टक, टक. फरव्याच्या खाली, गोल गोल. बसायच्या आधी कुत्रं स्वतःभोवती फिरतं, तुम्ही पाहिलं असेल. दोन-चार वेटोळी घेतं आणि धप्पकन अंग टाकतं. हे फिरत होतं... फिरत होतं... फिरत होतं.

बसतच नव्हतं.

रोज त्याच वेळेला व्हायला लागलं. भिंतीवर गल्लीतल्या मांजरी बसायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. एकदा मी खिडकीतून बघत राहिले. वारा अजिबात नव्हता. दोरीवर माझे कपडे, यांचे शर्ट, सगळं स्तब्ध. फरव्याचा खालचा काठ तेवढा... हलत होता. कुणी नाक खुपसून हुंगावं तसा.

यांना सांगितलं. यांनीही ऐकलं. हे घाबरले नाहीत, मला त्याचाच राग आला. हे नुसते म्हणाले, "कुत्रंच आहे गं."

यांचं सगळं लक्ष रीमवर होतं. ड्युटी संपली की गाडी काढून नैरिया. तिकडून कधी परत यायचे, त्याची मी वाट बघत बसायची. जेवण गेलं, गालफडं बसली. मार्चमध्ये यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. आम्ही कायमचं लातूरला परतणार होतो. सामान बांधायला घेतलं होतं. एक दिवस हे म्हणाले, "तू हो पुढे. मी रीम सापडली की येतो."

"आणि नाही सापडली तर?"

यांनी गाडीची किल्ली उचलली. नवरा माझ्या डोळ्यांदेखत त्या माळावर राहायला निघाला होता. रडायलासुद्धा थकवा आला होता मला.

अबू नासिर गुरुवारी परत आले आणि तडक आमच्याकडे आले. मदिनेचे खजूर आणले होते. मी हौशचं दार उघडलं, तशी त्यांची नजर दोरीवर गेली.

हातातला खजुराचा डबा त्यांनी हळूच खाली ठेवला.

"ये किधर से लाया?"

यांनी सांगितलं. झाडाखालून. अबू नासिर फरव्यापाशी गेले, काठ नाकाला लावला.

"धोया?"

"हो... हां, मैंने धोया," मी म्हणाले.

ते खाली पायरीवर बसले. मग तुकड्या-तुकड्यांत सांगितलं.

सालेह नावाचा एक म्हातारा होता. माळावरची सगळी शिकारी मंडळी त्याला ओळखायची. त्याचा पांढरा कुत्रा, गैम, सरावाच्या वेळी त्या झाडापाशी हरवला. सालेहने फरवा ठेवला. कुत्रा आला नाही. तो दर हिवाळ्यात यायचा, फरवा अंगावर घालून दिवसभर बसायचा, संध्याकाळी झाडाखाली पसरून घरी जायचा. पुढे तो वारला. फरवा तिथेच राहिला. माळावर अंथरलेला फरवा कुणी उचलत नाही. तो कुणाच्या तरी कुत्र्यासाठी असतो. वाळू चढली की येणारा-जाणारा कुणीतरी झटकून ठेवतो. गाड्या लांबून जातात.

"आपको बोला नहीं मैं," ते म्हणाले. "ये बात कोई किसी को बोलता नहीं. सबको मालूम है."

आम्हाला मालूम नव्हतं.

"सालेह का बास दुनिया में बस इसमें बाकी था, मदाम. अब खलास."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या म्हाताऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा शेवटचा वास मी सुगंधी लिक्विड घालून गटारात सोडला होता.

हौशमध्ये तेव्हा ऊन उतरत होतं. टक... टक... टक... आम्ही तिघांनीही ऐकलं. अबू नासिरनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटत राहिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्ही फरवा परत नेला. बर्क पिकअपच्या हौद्यात मधोमध बसला होता, त्याची नेहमीची जागा. फरवा आत ठेवला तसा तो उठला... आणि कोपऱ्यात सरकला. अर्धा हौदा रिकामा सोडून. माळ येईपर्यंत तो तसाच अंग चोरून बसला.

सालेहचा फरवा झाडाखाली पसरला. शेजारी यांचाही, आठवडाभर तिथेच पडलेला, आणून अंथरला. आणि निघालो. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी रीम तिथे होती.

यांच्या फरव्यावर, मुटकुळं करून. हाडं निघालेली, पण जिवंत. हे गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. अबू नासिरसुद्धा डोळे पुसत होते. मी मात्र फरवा बघत होते.

रीम अगदी एका कडेला झोपली होती. उरलेल्या अर्ध्या भागात लोकरीत एक गोल खळगा दाबला गेला होता. मी हात लावला...

ऊबदार होता.

वाळूत ठसे एकाच कुत्रीचे. आणि शेजारचा सालेहचा धुतलेला फरवा, काल अंथरला तसाच, एक सुरकुती नाही.

अबू नासिरनी ते पाहिलं. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वो तुम्हारे पास आ गया, मुहंदिस."

मी यांना तिथेच सांगितलं, "अहो, हा फरवा इथेच सोडू. रीमला घ्या आणि चला."

हे म्हणाले, "एकदा त्याचा माणूस गेला, वीणा. आता मी पण टाकून जाऊ?"

कुत्र्यांच्या बाबतीत या माणसापुढे मी कधी जिंकले नाही.

लातूरला औसा रोडला आमचं घर आहे. रीमला भारतात आणायच्या कागदपत्रांनी जीव काढला, पण आणली. फरवाही आला. लातूरच्या उन्हाळ्यात त्याचं काय काम? तो मागच्या व्हरांड्यात अंथरलेला असतो. रीम त्याच्यावर कधी बसलीच तर कडेला बसते.

संध्याकाळी आवाज येतो. टक, टक, टक. हे खुर्चीतून हळूच म्हणतात, "बस, गैम." तो फिरतो... आणि धप्प. मग एक लांब सुस्कारा. रीम मान वर करून बघते आणि परत झोपते.

हे गावाला गेले की तो फरव्यावर बसत नाही, दाराशी फिरत राहतो. हे आले की थांबतो. सवय झाली आम्हाला. त्या फरव्याला मी पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. मोलकरणीलाही बजावून ठेवलंय.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

परवा संध्याकाळी हे आत टीव्ही बघत होते. रीम त्यांच्या पायाशी. मी व्हरांड्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. आवाज आला. फरव्यापाशी गेला. काठ हलला... हुंगल्यासारखा.

फिरला. फिरला.

बसला नाही.

मग नखांचा आवाज माझ्या दिशेने आला. खुर्चीवर माझी जुनी शाल होती. ती सरकली... हळूहळू खाली आली. तिच्याभोवती तो फिरला. आणि माझ्या पावलांपाशी... धप्प.

सुस्कारा मला पायाला जाणवला.

काल तसंच झालं. आजही.

यांच्या तब्येतीला काही झालेलं नाही. मागच्याच महिन्यात सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट चांगले आहेत. सकाळी फिरायला जातात, दोन भाकरी खातात. पण त्या मुक्या जनावराने एकदा आपला माणूस गमावला आहे. या खेपेला ते आधीच दुसरा बघून ठेवतंय का? मला कुणाला विचारायची भीती वाटते. अबू नासिरना फोन लावला होता, पण रिंग जायच्या आतच कापला.

शाल तिथेच खाली पडलेली आहे. मी उचललेली नाही.

आत्ता हे आतून विचारत होते, "वीणा, गैम आला नाही का गं आज?"

मी म्हणाले, "आला होता. तुमचा डोळा लागला होता."